विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता या कॉम्प्युटरचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. त्या दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि १५ तारखेला सकाळी सगळ्यांचे कॉम्प्युटर नेहमीसारखे सुरू झाले. दुकानांत बिलं निघाली, प्रिंटर घरघरले, पोरांनी गेम खेळले. धनत्रयोदशी चार दिवसांवर आलेली, त्यामुळे कॉम्प्युटरकडे बघायला कुणाला वेळही नव्हता. माझ्याकडे मशीन घेऊन येणारे लोक तेव्हापासून एकच वाक्य ऐकवतात : "संपला म्हणता, पण चालतोय की!"

चालतोय, हीच तर अडचण आहे. सिलिंडर संपला की शेगडी विझते, रिचार्ज संपलं की फोन गप्प होतो. सपोर्ट संपलेलं विंडोज मात्र काहीच बोलत नाही. म्हणून आधी नेमकं काय संपलं ते बघू आणि मग एकेक पायरी चढू. हा लेख घरात किंवा छोट्या दुकानात एखाददुसरा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पन्नास मशीनचं ऑफिस असेल तर तुमच्याकडे पगारी माणूस असणार, त्याला कामाला लावा.

संपलं म्हणजे काय संपलं

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा सोडते. २००३ पासूनचा हा शिरस्ता आहे. "अपडेट चालू आहे, बंद करू नका" म्हणत जो निळा पडदा आपल्याला ताटकळत ठेवतो, तो बहुतेक वेळा याच गठ्ठ्याचा. त्यात नवीन चित्रं-बटणं फार नसतात. प्रोग्राममध्ये सापडलेल्या फटी बुजवलेल्या असतात. फट म्हणजे अशी चूक, की जिच्यातून बाहेरचा माणूस तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या मशीनवर स्वतःचा प्रोग्राम चालवू शकतो. विंडोज १० साठी हे गठ्ठे येणं आता थांबलं आहे (मुदतवाढ घेतलेल्यांचा अपवाद सोडून; तिच्याबद्दल चौथ्या पायरीत).

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा बराचसा कोड एकच आहे. एकाच गवंड्याने बांधलेली शेजारशेजारची दोन घरं समजा. शेजाऱ्याच्या न्हाणीघरामागच्या भिंतीला फट सापडली, त्याने ती सिमेंट लावून बुजवली. सिमेंट अजून ओलं आहे, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतंय. चोराला आता एवढंच करायचं आहे, की तुमच्या घराच्या त्याच जागी हात लावून बघायचा. विंडोज ११ ची दुरुस्ती आली, की हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल समोरासमोर ठेवून कुठली ओळ बदलली ते शोधतात. ती ओळ विंडोज १० मध्ये जशीच्या तशी असेल, तर त्यांना आयती वाट मिळाली. आणि तिथे सिमेंट लावायला कुणी येणार नाही.

त्यामुळे सपोर्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी धोका जवळजवळ तेवढाच असतो. मग दर महिन्याला तो थोडा थोडा वाढतो. घाबरून रातोरात नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही, पण "चालतोय तोवर चालवू" हेही परवडणारं नाही.

२०१७ साली काय झालं होतं

विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइल देवाणघेवाण करणारा जो भाग आहे, त्यातली एक मोठी फट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी बुजवली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर प्रोग्रामचं लोण जगभर पसरलं. फायली कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला ३०० डॉलरचे बिटकॉइन मागायचे, असा त्याचा खाक्या. कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती; मशीन नेटवर्कवर आहे आणि फट उघडी आहे, एवढं पुरे होतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या कितीतरी इस्पितळांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलेला, म्हणून मार्चची दुरुस्ती एक्सपीला मिळालीच नव्हती. हल्ला सुरू झाल्यावर मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. असा अपवाद दर वेळी होईल, या भरवशावर बसू नका. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्षात लागण झालेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. त्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता, दुरुस्ती आलेली होती, लोकांनी ती बसवली नव्हती. दोन महिने अपडेट न केल्याने ही गत झाली. सपोर्ट संपलेलं मशीन कायम याच अवस्थेत असतं.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचं दुसरं लोण आलं. ते आधी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलं आणि मग ऑफिसांच्या नेटवर्कमध्ये पसरताना इतर युक्त्यांबरोबर हीच फट वापरत गेलं. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात झोपली आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्यांच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. कुठे कीव, कुठे न्हावा शेवा!

पायरी पहिली : आपल्याकडे नक्की काय आहे ते बघा

कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. रनची छोटी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत विनव्हर लिहा (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) आणि एंटर मारा. समोर विंडोज कुठलं आणि त्याची आवृत्ती कुठली ते येईल. विंडोज १० असेल तर आवृत्ती २२एच२ दिसायला हवी. विंडोज १० ची ती शेवटची. त्याहून जुनी दिसत असेल तर तुमचं मशीन २०२५ च्याही आधीपासून उघड्यावर आहे. आधी सेटिंग्जमधून अपडेट करून २२एच२ वर या.

विंडोज ७ किंवा ८.१ दिसलं तर मामला वेगळा. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. क्रोम ब्राउझरनेही या दोन्हींना आवृत्ती १०९ वर सोडून दिलं आहे. म्हणजे तिथे विंडोज जुनं आणि वर ब्राउझरही जुना. अशा मशीनवरून बँकेचं काम आजच थांबवा आणि दुसरी पायरी उरकून, तिसरी-चौथी सोडून थेट पाचवीवर जा.

पायरी दुसरी : बॅकअप, आणि तोही आधी

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे टाळतात आणि नंतर माझ्यासमोर बसून कपाळाला हात लावतात. पुढच्या प्रत्येक पायरीत काहीतरी बिघडण्याची शक्यता आहे. बॅकअप असेल तर बिघाड म्हणजे एक दिवसाचा त्रास. नसेल तर लग्नाचे फोटो गेले.

एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चार फोल्डर तर सगळ्यांनाच सुचतात. राहून जातं ते वेगळंच. टॅलीचा डेटा फोल्डर बहुधा दुसऱ्याच जागी असतो. टॅली उघडून त्याचा पत्ता बघा आणि टॅलीच्या स्वतःच्या बॅकअपचीही एक प्रत काढा. आउटलुक वापरत असाल तर ईमेलची एक मोठी फाइल असते. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क असतात. प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर असतात, जे जुन्या मॉडेलसाठी नेटवर सापडतीलच असं नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक भानगड. तुमचा मजकूर युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरव्यवस्थेच्या) आधीच्या फाँटमध्ये असेल, म्हणजे श्रीलिपी, आयएसएम वगैरे, तर नुसती फाइल उचलून उपयोग नाही. तो फाँट नसलेल्या मशीनवर "श्री गणेश प्रसन्न" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. फाँटचा अख्खा फोल्डर बरोबर घ्या, महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ काढून ठेवा आणि सवड काढून मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतो, त्यामुळे एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं.

कॉपी झाली की डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-सहा फायली उघडून बघा. मग ती काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीखोर प्रोग्राम आला तर तो जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतो.

पायरी तिसरी : विंडोज ११ बसेल का?

अस्सल विंडोज १० असेल तर ११ फुकट मिळतं. अडतं ते हार्डवेअरपाशी. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा बहुतेकांकडे असते (४ जीबीवर ११ चालतं असं कंपनी म्हणते, मी ८ शिवाय कुणाला सांगत नाही). गाडी अडते ती दोन ठिकाणी : प्रोसेसर आणि टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय).

प्रोसेसर इंटेलचा असेल तर मोजके अपवाद सोडून आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखायची खूण सोपी आहे. आय५ ७२०० यू यातला पहिला आकडा सात, म्हणजे सातवी पिढी, म्हणजे नाही. आय५ ८२५० यू म्हणजे आठवी, चालेल. आय३ १०११० यू मध्ये पहिले दोन आकडे धरायचे, दहावी पिढी. एएमडीच्या रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढचे चालतात. ढोबळमानाने सांगायचं तर २०१८ नंतर नवा घेतलेला लॅपटॉप बहुधा पास होतो. एवढी आकडेमोड नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप घ्या. ते एका क्लिकमध्ये हो-नाही सांगतं आणि नाही असेल तर का ते सांगतं.

त्याने "टीपीएम नाही" असं सांगितलं म्हणून लगेच हार मानू नका. असेंबल्ड डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा टीपीएमची सोय असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, ती चालू करा, सेव्ह करून बाहेर या आणि पुन्हा तपासा. प्रोसेसर बरोबर असूनही नापास ठरलेली कितीतरी मशीन या एका बदलाने पास होतात. मात्र त्याआधी सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये हात घातल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि नसली तर तुमचाच डेटा तुम्हाला परका होतो.

मशीन पास झालं, तर सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथून ११ उतरवा. एक-दोन तास हाताशी ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर भारनियमनाचा दिवस टाळा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर या निमित्ताने एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या. नव्या मशीनसाठी हट्ट धरणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांचं समाधान एसएसडीतच होतं.

हार्डवेअरची अट चुकवून ११ बसवून देणारे दुकानदार आहेत, युट्यूबवर त्याचे व्हिडिओही आहेत. बसतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वर्षाला येणारी मोठी आवृत्ती पुन्हा हाताने बसवावी लागते. दर वर्षी हे करणारा भाचा घरात असेल तर करा. कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर २४एच२ पासून पुढचं ११ सुरूच होत नाही.

पायरी चौथी : मुदतवाढ घ्या

मशीन ११ साठी नापास, पण बाकी उत्तम, आणि आत्ता खर्च नको. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स नावाची मुदतवाढ ठेवली. घरगुती वापरासाठी तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. हिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. नवी सोय नाही, काही अडलं तर कंपनीकडून मदतही नाही.

ही घ्यायचे तीन मार्ग आहेत. विंडोजची सेटिंग्ज तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सिंक केलीत तर फुकट. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट असतील तर त्यांवर. नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम. पैसे भरले तरी मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच. विंडोज अपडेटच्या पानावर "एन्रोल नाऊ" असा दुवा दिसेल, तो दाबून सांगेल तसं करत जा. दुवा दिसत नसेल तर आधीचे सगळे अपडेट बसवून, एकदा रीस्टार्ट करून पुन्हा बघा. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं एकाच्या खात्यावर भागेल.

फुकटच्या मार्गात लोकांना एक भीती वाटते, की आपले सगळे फोटो क्लाउडवर जातील आणि वनड्राइव्हची ५ जीबी फुकट जागा भरून पैसे मागितले जातील. तसं होऊ द्यायची गरज नाही. सेटिंग्ज सिंक ठेवा आणि विंडोज बॅकअपमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर बंद करा.

ऑफिसच्या डोमेनला जोडलेली मशीन या घरगुती योजनेत बसत नाहीत. संस्थांसाठी वेगळी योजना आहे : पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. एवढ्यात काय करता येईल याचा हिशेब तुमचा तुम्हीच करा.

एक खुलासा इथेच करतो, कारण रोज विचारला जातो. विंडोज १० मधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. म्हणून काहीजण म्हणतात, मुदतवाढ कशाला? अँटिव्हायरस हा दारावरचा गुरखा आहे. ओळखीचा चोर दिसला तर अडवेल. मागच्या भिंतीची फट बुजवणं हे त्याचं काम नाही, आणि वॉनाक्रायसारखा पाहुणा दारातून येत नाही.

पायरी पाचवी : लिनक्स, पण आधी चाखून

नेट, ईमेल, व्हिडिओ, थोडं लेखन एवढंच काम असेल तर जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली छान चालते. फुकट आहे आणि मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्याची रचना विंडोजच्या जवळची असल्यामुळे ज्येष्ठांनाही स्टार्ट बटण शोधावं लागत नाही.

लगेच फॉरमॅट मारू नका. मिंट पेन ड्राइव्हवर टाकून तिथूनच मशीन सुरू करता येतं. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. त्या अवस्थेत वायफाय लागतं का, आवाज येतो का, युट्यूब अडखळतं का ते बघा. मराठी टायपिंग करून बघा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड भाषेच्या सेटिंगमध्ये मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी ध्वन्यात्मक पर्यायही घालता येतो. वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं लिबरऑफिसही मराठीत करता येतं.

प्रिंटर मात्र जरूर तपासा. आपल्याकडे घरोघरी असलेला एचपीचा लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, पण एचपीचं वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. काही मॉडेलं मात्र नाकी नऊ आणतात.

टॅली, श्रीलिपी, पेजमेकर हे विंडोजचे प्रोग्राम आहेत. जीएसटी आणि इतर सरकारी कामांची डिजिटल सही ज्या टोकनवर असते, त्यालाही लिनक्सवर खटपट करावी लागते. सेवा केंद्र चालवत असाल आणि अंगठ्याचं यंत्र लावत असाल, तर त्या मशीनवर हा प्रयोग करू नका. दुकानाच्या मुख्य मशीनला विंडोज ११ किंवा मुदतवाढ आणि घरच्या जुन्या लॅपटॉपला मिंट, ही वाटणी मला पटलेली आहे.

जे मशीन बदलताच येत नाही

आता त्या मशीनबद्दल, जे प्रत्येक गावात असतं. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे, वजनकाट्यावर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, वर्कशॉपमधल्या सीएनसीच्या शेजारी. त्यावर एक प्रोग्राम असतो, जो नव्या विंडोजवर चालत नाही. एक डोंगल असतं, म्हणजे तो प्रोग्राम उघडायची यूएसबी किल्ली, जिचा ड्रायव्हर आता कुणी देत नाही. आणि वीस वर्षांचं काम असतं. त्या मालकाला "अपग्रेड करा" सांगणं म्हणजे दुकान बंद करा सांगण्यासारखं आहे. मी तसं सांगत नाही. त्याला सांगतो, मशीन ठेव, पण नेट तोड.

तोड म्हणजे खरोखर तोड. लॅन केबल उपटायची, वायफायचा डोंगल काढून टाकायचा, ब्राउझरचं चित्र डेस्कटॉपवरून हटवायचं, नाहीतर संध्याकाळी पोरगा मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून क्रिकेट लावतो. गिऱ्हाइकाच्या फायली येतात त्या दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशीनवर घ्यायच्या, तिथे तपासायच्या आणि मगच पेन ड्राइव्हने आत न्यायच्या. हा पेन ड्राइव्ह दुकानाचाच, ठरलेला. गिऱ्हाइकाचा थेट त्या मशीनला लावायचा नाही. ऑटोप्ले, म्हणजे पेन ड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडण्याची सोय, बंद. एक्सपीच्या काळात कॉन्फिकर नावाचा किडा पेन ड्राइव्हमधूनही पसरायचा, तेव्हा नेट नाही म्हणजे निश्चिंत असं समजू नका.

मुख्य म्हणजे त्या मशीनची हार्ड डिस्क आज ना उद्या मरणार आहे. क्लोन करणाऱ्या प्रोग्रामने तिची अख्खी प्रतिमा काढून ठेवा. जमत असेल तर पुढची युक्ती करा : नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्या आत जुनं विंडोज चालवा, आणि त्या आतल्या विंडोजचं नेटवर्क बंद ठेवा. यूएसबी डोंगल आत पोचवता येतो. सगळी डोंगलं मानतात असं नाही, पण मानलं तर जुनं खोकं निवृत्त करता येतं.

बँकांनाही यातून जावं लागलं आहे. देशातली कितीतरी एटीएम विंडोज एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकात टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम सपोर्ट असलेल्या विंडोजवर आणायला सांगितलं. एक्सपीचा सपोर्ट संपून तेव्हा पाच वर्षं उलटली होती. त्यामुळे तुम्हाला उशीर झाला असेल तर फार ओशाळू नका.

तोवर वापरावंच लागलं तर

कुठलीच पायरी या महिन्यात शक्य नाही, असंही होतं. मग निदान एवढं पाळा. बँक, यूपीआय, प्राप्तिकर, डीमॅट हे सगळं फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून. रोजच्या कामासाठी ॲडमिन नसलेलं साधं खातं काढा. बऱ्याच लागणी तिथेच अडतात. ब्राउझरला जोवर अपडेट येतायत तोवर तो ताजा ठेवा. रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) बंद, आणि नेटवर्क शेअरिंगसाठी एसएमबी १ नावाचा जुना प्रकार चालू असेल तर तोही बंद. वॉनाक्राय त्याच दारातून शिरलं होतं.

या गोंधळात हात धुऊन घेणारेही आहेत. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज एक्स्पायर झालंय" असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कुणाला असा फोन करत नाही. ते स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात आणि तुमच्यासमोर तुमचं खातं रिकामं करतात. तसंच विकत न घेतलेलं विंडोज अस्सल भासवणारे "ॲक्टिव्हेटर" नावाचे फुकट प्रोग्राम. अँटिव्हायरस बंद करून चालवा अशी त्यांची पहिलीच सूचना असते. घरच्या कुत्र्याला बांधून ठेवा म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण आत घेऊ का?

फटका बसलाच तर आधी नेट तोडा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. खंडणीची नोटीस पडद्यावर आली असेल तर मोबाइलने तिचा फोटो काढा आणि घाईने फॉरमॅट मारू नका. काही जुन्या खंडणीखोर प्रोग्रामांच्या किल्ल्या पुढे फुकट उपलब्ध झाल्या आहेत. डिस्क जपून ठेवली असेल तरच त्यांचा उपयोग.

शेवटची पायरी : चिकटपट्टी

विंडोज ११ वर आलात तरी तारखा सुटत नाहीत. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला होम आणि प्रोसाठी दोन वर्षंच मिळतात. २३एच२ ची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, २४एच२ ची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. अपडेट चालू ठेवलंत तर मशीन आपोआप पुढच्या आवृत्तीवर जातं; ज्यांनी "अपडेट नेट खातं" म्हणून ते बंद केलंय त्यांचं जात नाही.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक खोक्याच्या मागे मी एक कागदी चिकटपट्टी लावतो. तिच्यावर तीन गोष्टी लिहितो : विंडोज कुठलं, सपोर्ट कधीपर्यंत, शेवटचा बॅकअप कधी घेतला. पहिल्या दोन ओळी मार्करने, तिसरी पेन्सिलने लिहितो, म्हणजे खोडून नवी तारीख घालता येते. तुमच्या मशीनच्या मागे आत्ता जाळी असतील, ती आधी पुसून घ्या. पट्टी धुळीवर चिकटत नाही.